मुका मार

दुखण्यांना नावे देण्याच्या बाबतीत (नावे ठेवण्याच्या नव्हे, तीही आपण ठेवतोच) मराठी भाषेचा हात धरणारी दुसरी भाषा असेलही, पण मला ती भेटलेली नाही. ठणका निराळा, सणक निराळी, कळ निराळी आणि चमक निराळी. उसण भरते, पाय मुरगळतो, मान आखडते, पाठ धरते, पोटऱ्यांत पेटके येतात आणि डोके तर नुसते 'उठते'. वर्गात शब्दशक्ती शिकविताना गेली वीस वर्षे मी 'गंगेवर गवळ्यांची वस्ती' हे लक्षणेचे ठरलेले उदाहरण देत आलो आहे. पोरेही ते ठरल्याप्रमाणे लिहून घेतात. पण आमच्या घरादारांत, तालमींत, बाजारांत लक्षणेचे एक फार देखणे उदाहरण पिढ्यान्‌पिढ्या पडून आहे. ते म्हणजे 'मुका मार'. जखमेला तोंड असते असे आपण म्हणतोच. ज्या माराला तोंड फुटत नाही तो मुका. रक्त वाहत नाही, कातडी उलत नाही, शेजारीपाजारी विचारपूस करीत नाहीत. आत मात्र काय चालले आहे ते ज्याचे त्याला ठाऊक.

ह्या शब्दाने यंदा आमच्या घरी चांगला पाच आठवडे मुक्काम केला. त्याचा पत्ता होता आमच्या भाचेरावांची उजवी छाती.

भाचेराव म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे चिरंजीव. वय 20, उंची माझ्याहून वीतभर जास्त, भूक माझ्या दुप्पट. बहिणीचे सासर पुरंदर तालुक्यात. घरची अंजिराची आणि सिताफळाची थोडी बाग, आणि पाऊस मनात येईल तेव्हा येणारा. पोरगा बारावीनंतर हडपसरला आमच्याकडे आला तो पदवीसाठी, असे निदान कागदावर तरी म्हटलेले आहे. वास्तविक तो आला कबड्डीसाठी. आमचे हडपसर आता पुण्याच्या पोटात गेले आहे. गाडीतळावर उभे राहिले की सोलापूर रस्ता, सासवड रस्ता आणि जगातली सगळी वाहने एकाच वेळी आपल्या अंगावर येत आहेत असे वाटते. शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी एकत्र करून उभारलेले मगरपट्टा सिटी एका बाजूला आणि भाजीबाजारातला पहाटेचा चिखल दुसऱ्या बाजूला, अशा दोन युगांच्या मध्ये आम्ही राहतो. पण तालीम आणि मैदान ह्या दोन गोष्टी गावाने अजून सोडलेल्या नाहीत. संध्याकाळी साडेसहाला दिवे लागतात, निळ्या-पिवळ्या मॅटचे तुकडे दातांत दात अडकवावेत तसे एकमेकांत बसविले जातात आणि 'कबड्डी कबड्डी'चा घोष सुरू होतो.

भाचेराव चढाईपटू. गेल्या वर्षापर्यंत कुमार गटात खेळत होते. यंदा वयाने बाहेर पडले, म्हणजे आता मोठ्यांच्या गटात स्वतःचे स्थान नव्याने मिळवायचे. मंडळाचा संघ जिल्ह्याच्या निवड चाचणीत उतरणार, तिथे नजरेत भरले तर जिल्ह्याचा संघ, मग राज्य अजिंक्यपद स्पर्धा. आणि त्यापुढे जे दिसते ते खेळाहून निराळे असते. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के जागा राखीव आहेत, पोलीस आहेत, रेल्वे आहे, बँका आहेत. पण गल्लीतल्या ढालीवर त्या मिळत नाहीत. त्यासाठी वरच्या पातळीवरच्या स्पर्धेचे प्रमाणपत्र लागते. ज्याच्या घरी अंजिराच्या दोन हंगामांवर वर्ष काढायचे असते, त्याच्यासाठी मध्यरेषा ओलांडणे हा काही नुसता संध्याकाळचा विरंगुळा नव्हे. हे मी मुद्दाम सांगतो आहे. नाहीतर वाचकांना वाटायचे, प्राध्यापकाच्या भाच्याला खेळताना लागले, एवढे काय त्यात!

लागले ते श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी. निवड चाचणी गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात, म्हणजे बरोबर 24 दिवसांवर. सराव चालू होता. हे महाशय उजव्या कोपऱ्याला हात टाकून परत फिरत असताना मधल्या गड्याने त्यांना धडक मारली. कबड्डीत धडक हे काही अपकृत्य नव्हे, ते क्षेत्ररक्षकाचे शस्त्रच आहे. चढाईपटूचा तोल ढळलेला असतो, एक पाय हवेत असतो, त्याच क्षणी खांदा घालून त्याला मैदानाबाहेर फेकायचे. फक्त तो खांदा यायचा होता बरगडीच्या बाजूने, तो आला उजव्या छातीवर, काखेच्या जवळ. पोरगा आणखी दोन चढाया करून घरी आला आणि काही बोलला नाही.

मार मुका होता म्हणून खेळाडू मुका झाला की खेळाडू मुका होता म्हणून मार मुका राहिला, हे सांगणे कठीण. त्या रात्री आईने केलेली सोमवारची साबुदाण्याची खिचडी त्याने डाव्या हाताने खाल्ली. आईला वाटले, पोरगा गंमत करतो आहे. दुसऱ्या दिवशी त्याने शर्ट आधी उजव्या हातात घातला आणि मग डाव्या. शिंक आली तेव्हा भिंतीला टेकून, उशी छातीशी घट्ट धरून त्याने ती शिंकली. हे सगळे माझ्या नव्हे, माझ्या पत्नीच्या लक्षात आले. पुरुषांना घरात माणसे दिसतात, बायकांना ती कशी वागतात ते दिसते. तिने त्याला हाक मारून सरळ विचारले, "बनियन काढ बघू." तो म्हणाला, "काही नाही मामी, थोडं दुखतंय." बनियन निघाले तेव्हा खिचडीच्या ताटलीएवढा जांभळा डाग आम्हांला दिसला.

मग मात्र मी त्याला स्कूटरवर घातले आणि डॉक्टरांकडे नेले. हे डॉक्टर तरुण आहेत, पण त्यांची विचारण्याची पद्धत जुन्या वैद्यांची. आधी गप्प बसून पाहतात. श्वास लागतो का, खोकल्यातून रक्त पडते का, चक्कर, डाव्या हातात कळ, ताप? ह्यांतले काहीही असते तर त्यांनी आम्हांला तडक मोठ्या रुग्णालयात धाडले असते. छातीच्या मागे फुप्फुसे आहेत, हृदय आहे, तिथला मार म्हणजे पोटरीतला मार नव्हे, हे त्यांनी पहिल्यांदा सांगितले. मग बोटाच्या टोकाने एकेक बरगडी दाबून पाहिली. हाड तडकले असेल तर एका ठराविक बिंदूवर माणूस ओरडतो आणि खोल श्वास घेताना तिथेच सुरी खुपसल्यासारखे होते. तसे नव्हते. काखेची पुढची कड, म्हणजे हात उचलला की जी जाड दोरीसारखी हाताला लागते ती, दोन्ही बाजूंनी सारखी आहे ना तेही त्यांनी पाहिले. छातीचा मोठा स्नायू दंडाच्या हाडाला जिथे बांधलेला असतो तिथून तो तुटला तर ती कड सपाट होते, आणि मग गोळ्या-लेपांचे काम राहत नाही, शस्त्रक्रियाच लागते. कड शाबूत होती.

"आता नमस्कार कर," डॉक्टर म्हणाले.

भाचेराव गोंधळले. त्यांनी वाकून पायांना हात लावायचा विचार केला असावा. "तसा नाही. छातीसमोर हात जोड आणि तळवे एकमेकांवर जोरात दाब."

दाबले आणि चेहऱ्याचा रंग बदलला. डॉक्टरांचे निदान झाले. हात शरीराच्या पुढे आणायचा, मिठी मारायची, समोरची वस्तू ढकलायची, हे सगळे ह्या स्नायूचे काम. नमस्कारात तोच आवळतो. हाड ठीक, स्नायूतले काही तंतू चेंगरलेले, बारीक रक्तवाहिन्या फुटून रक्त आत साठलेले. मार मध्यम. हलका असता तर आठ-दहा दिवसांत उतरला असता, ह्याला तीन ते चार आठवडे, कदाचित जास्त. चोवीस दिवस आणि चार आठवडे ह्यांतले अंतर त्या पोराने मनातल्या मनात किती वेळा मोजले असेल कोण जाणे. बाहेर येऊन स्कूटर सुरू करीपर्यंत तो एवढेच म्हणाला, "मामा, आईला फोन करू नका."

घरी आलो तो आमच्या मातोश्रींनी तिळाचे तेल कोमट करून ठेवलेले. शेजारी एक निवृत्त वस्ताद राहतात, त्यांनाही तिने बोलावून घेतले होते. वस्तादांनी आयुष्यभर तांबड्या मातीत माणसे पाडली आणि मग तीच माणसे चोळून उभी केली. त्यांच्या हातांवर माझा विश्वास आहे. पण डॉक्टरांनी बजावून सांगितले होते की पहिले तीन दिवस चोळायचे नाही आणि शेकायचेही नाही. आत फुटलेल्या नळ्या नुकत्या कुठे मिटू लागलेल्या असतात. ऊब दिली की त्या फुलतात, चोळले की पुन्हा फुटतात आणि रक्त आणखी पसरते. फार चोळाचोळ केली तर त्या साकळलेल्या रक्ताच्या जागी, कधी कधी, स्नायूच्या आत हाडासारखी कठीण गाठ बनते. मांडीत हे अधिक होते, पण धोका नको. त्याऐवजी बर्फ. उघडा नव्हे, फडक्यात गुंडाळून, पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून चार-पाच वेळा. आणि छाती पट्ट्यांनी आवळून बांधायची नाही. पूर्वी डॉक्टरसुद्धा बांधीत. पण बांधलेल्या छातीचा माणूस भीतीने वरवरचा श्वास घेतो, फुप्फुसांचा तळ हवेवाचून राहतो आणि तिथे कफ साठून न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून आता उलट, उशी छातीशी धरून तासातासाला दहा खोल श्वास घ्यायला सांगतात.

वस्तादांनी हे सगळे ऐकून घेतले. मला वाटले, आता वाद होणार. ते म्हणाले, "बरोबर आहे. नव्या माराला आम्हीपण हात लावत नव्हतो. आमच्याकडं चौथ्या दिवशी यायची पोरं." आणि चहा घेऊन गेले. आईची समजूत मात्र सहजासहजी पटेना. गार वस्तू ही तिच्या मते सर्दीची सख्खी बहीण. अखेर तिने स्वतःच्या जुन्या लुगड्याची चौघडी घडी करून त्यात बर्फ बांधला आणि तो नातवाच्या छातीवर धरून बसण्याचे काम स्वतःकडे घेतले. तेल हुकले पण हात लावायला मिळाला. माळ ओढता ओढता ती वीस मिनिटे मोजायची. दोन माळा झाल्या की बर्फ उचलायचा.

आणि मग तो डाग. ललितलेखकाला सूर्यास्ताचे रंग कुठे पाहू नि कुठे नको असे होते, पण मुका मार बरा होताना पाहिल्याशिवाय रंगांची मिजास त्याने करू नये. पहिल्या दिवशी तांबूस, दुसऱ्या दिवशी जांभळा, चौथ्याला काळानिळा. आपल्याकडे 'काळेनिळे होईपर्यंत' मारतात, त्याच्या पुढचे रंग भाषेने पाहिलेलेच दिसत नाहीत. सातव्या-आठव्या दिवशी कडेने हिरवट झाक आली, कच्च्या अंजिरासारखी. बाराव्या दिवशी तिचा पिवळा झाला. डॉक्टरांनी ह्याचा उलगडा सांगितला तेव्हा मला फार मौज वाटली. रक्तातला लाल पदार्थ शरीर मोडून काढू लागते. त्याचा आधी हिरवा पदार्थ बनतो, मग पिवळा. कावीळ झालेल्याचे डोळे पिवळे करणारा तोच हा पिवळा. म्हणजे सफाई कामगार कुठवर पोचले आहेत ते बाहेरून रंगावर कळते. आणखी एक विचित्र गोष्ट घडली. डाग हळूहळू खाली उतरला, पोटाच्या वरच्या बाजूपर्यंत. आई घाबरली. पण ते नुसते वजनाने खाली ओघळलेले रक्त. दुखणे होते तिथेच होते.

दुखणे छातीचे असल्याने एक पेच मात्र असा होता, जो पायाला लागलेल्या खेळाडूला पडत नाही. कबड्डी हा जगातला बहुधा एकमेव मैदानी खेळ, जो बोलत बोलत खेळावा लागतो. आणि बोलायचे ते एका दमात. चढाईपटूने प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात पाऊल टाकल्यापासून परत येईपर्यंत 'कबड्डी कबड्डी' हा उच्चार स्पष्ट आणि अखंड हवा. दम तुटला की बाद. प्रो कबड्डीत घड्याळ लावून चढाईला 30 सेकंद दिले, पण घड्याळाआधी फुप्फुस हेच घड्याळ होते. आमच्या बालपणी त्याला हुतुतू म्हणत. एकनाथांच्या आणि तुकोबांच्या रचनांत हुतुतू, हमामा, फुगडी असे कितीतरी खेळ खेळलेले आहेत. ज्ञानोबांची आणि तुकोबांची पालखी दर आषाढीला आमच्या हडपसरला येऊन दोन वाटांना लागतात, माऊली सासवडकडे आणि तुकोबा लोणी काळभोरकडे. त्या गर्दीत उभे राहिले की वाटते, हा खेळ दिंडीबरोबरच चालत आलेला असावा.

त्या खेळाने किती मजल मारली! 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने त्याची प्रात्यक्षिके दाखविली. 1950 मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली. शंकरराव ऊर्फ बुवा साळवींनी आयुष्य वेचून त्याला नियमांची शिस्त लावली, आणि 1990 मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत पदकाचा खेळ म्हणून तो उतरला तेव्हा सुवर्णपदक भारताचे होते. मेलेला गडी पुन्हा जिवंत होतो तो 'संजीवनी' प्रकार आज सर्वत्र रूढ आहे. पूर्वी 'गामिनी'त मेलेला मेलेलाच राही, सगळा संघ बाद होईपर्यंत. आमच्या भाचेरावांची त्या तीन आठवड्यांतली अवस्था गामिनीतल्या गड्यासारखी होती. मैदानाबाहेर बसून आतला दम ऐकायचा.

तो रोज जाऊन बसे. मी दोन-तीनदा फिरायला जाण्याच्या निमित्ताने डोकावलो. त्याच्या जागी अकरावीतला एक पोरगा चढाईला जात होता, काटकुळा, पायांत भलती चपळाई. भाचेराव कडेला मांडी घालून बसलेले, ओठ हलत असलेले. आवाज न काढता तोही 'कबड्डी' म्हणत होता.

दहाव्या दिवशी मंडळाचे एक पदाधिकारी घरी आले. नाव सांगत नाही, गृहस्थ भले आहेत, मंडळासाठी पदरचे पैसे घालतात. "सर, मुका मार म्हणजे काय दुखणं झालं का? आमच्या वेळी रक्त आलं तरी माती लावून खेळायचो. त्या दिवशी एक इंजेक्शन देऊ. दोन तास काही कळत नाही."

भाचेरावांच्या डोळ्यांत एकदम उजेड आला. त्या उजेडाची मला भीती वाटली. वीस वर्षांच्या मुलाला दोन तासांच्या बदल्यात काय द्यावे लागेल ते दिसत नाही. दोन तासच दिसतात. आम्ही तिघेही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रागावून नव्हे, अगदी सावकाश सांगितले. दुखणे हा पहारेकरी आहे. त्याला बधिर केले की चेंगरलेल्या स्नायूवर पूर्ण जोर पडतो, आणि आज शाबूत असलेली काखेची कड त्या दिवशी तुटू शकते. मग शस्त्रक्रिया, आणि अर्धे वर्ष मैदान बंद. तुटेलच असे नाही. न तुटण्याची हमी मात्र मी देणार नाही, आणि सुईही देणार नाही.

पदाधिकारी गप्प झाले. बाहेर येऊन म्हणाले, "बघा बुवा. तुमचा मुलगा." खरे तर तो माझा मुलगा नव्हता, आणि म्हणूनच त्या रात्री मी बहिणीला फोन लावायला सांगितला. लावला त्यानेच. बहीण आधी रडली, मग माझ्यावर चिडली, मग फोन तिने नवऱ्याकडे दिला. आमचे मेहुणे महिन्याला मोजून शंभर शब्द बोलणारे. ते म्हणाले, "फांदी पिचकली आसंल तर त्या बहाराला तिच्यावर फळ धरायचं न्हाई." आणि फोन ठेवला. भाचेराव वैतागून म्हणाले, "बाबांना प्रत्येक गोष्टीत अंजीरच दिसतं!" पण इंजेक्शनचा विषय त्यानंतर निघाला नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून शेक सुरू झाला आणि व्यायामाची शिडी. पहिली पायरी भिंत. भिंतीसमोर हातभर अंतरावर उभे राहायचे, तळवे टेकायचे, भिंत ढकलायची. आमच्या दिवाणखान्याच्या भिंतीवर त्या तळव्यांचे ठसे अजून आहेत, दिवाळीचा रंग देताना ते जातील. दुखले नाही तर पुढची पायरी, जेवणाचे टेबल. त्यापुढे पायरीचा कट्टा, आणि शेवटी जमीन. जोर मारणे म्हणतात ते तिथे. दुखले की एक पायरी खाली उतरायचे, हा नियम. पोरगा चढताना दोन दोन पायऱ्या घेऊ पाही आणि मामी त्याला खाली उतरवी. सायकल आणि चालणे पहिल्यापासून चालू होतेच. धावणे तिसऱ्या आठवड्यात आले. रोज सकाळी नमस्काराची परीक्षा होई, तीही देवासमोर, कारण आईचे म्हणणे पडले की हात जोडायचेच आहेत तर फुकट कशाला जोडायचे.

आणि दम. मी घड्याळ घेऊन बसे, तो गच्चीवर उभा राहून सुरुवात करी. मराठीत ह्या शब्दाचा किती संसार आहे! आपण दम धरतो, दम खातो, दम टाकतो, दम देतो, दुसऱ्याला दमात घेतो. माणूस दमतो, दमदार असतो, बेदम मार खातो. श्वास आणि धीर ह्या दोन्हींना एकच शब्द कुणी दिला असेल? फारसीतून आलेला हा पाहुणा आपल्याकडे येऊन घरचा कारभारी झाला. पहिल्या दिवशी 11 सेकंदांत तुटला. खोल श्वास भरतानाच कळ येई आणि भरलेली छाती अर्ध्यावर थांबे. मग 14. मग 13. मग पुन्हा 13. त्या दिवशी तो कठड्याला टेकून बराच वेळ सोलापूर रस्त्यावरच्या गाड्या पाहत उभा राहिला. मी काही बोललो नाही. मराठीच्या प्राध्यापकाजवळ अशा वेळी उपयोगी पडणारी पुष्कळ वचने असतात, ती सगळी मी गिळली. पंधराव्या दिवशी 19, अठराव्या दिवशी 24.

त्याच सुमारास त्याला मी पुणेरी पलटणच्या अस्लम इनामदारची आठवण करून दिली. 1 मार्च 2024 ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला 28-25 असे हरवून पलटणने प्रो कबड्डी जिंकली, तेव्हा कप्तान हाच. 2023 मध्ये हांगचौला सुवर्णपदक जिंकलेल्या भारतीय संघातही तो होता. आणि विजेतेपदानंतरच्याच हंगामात गुडघ्याच्या दुखापतीने त्याला बाहेर बसावे लागले. पुढे तो परत आला. भाचेराव म्हणाले, "मामा, त्याला बसल्यावरपण अस्लम इनामदारच म्हणतात." ह्या वाक्यावर मला उत्तर सुचले नाही. अजूनही सुचलेले नाही.

निवड चाचणीच्या दिवशी जमिनीवर आठ जोर विनातक्रार होत होते, नववा दुखत होता. दम 27. डॉक्टरांनी पळण्याला, सरावाला संमती दिली होती, अंगाला अंग लागण्याला नाही. आईचे निराळेच चालले होते: "पितृपक्षात कसली मेली निवड ठेवतात!" संघाच्या बारा जणांच्या यादीत त्याचे नाव होते. सात मैदानात, पाच बाहेर. तो बाहेर. मी शेवटच्या तासाची सुटी घेऊन गेलो होतो.

पहिला सामना सहज गेला, दुसरा अटीतटीने. तिसऱ्यात शेवटची पाच मिनिटे उरली तेव्हा संघ दोन गुणांनी मागे होता. अकरावीतला पोरगा दोनदा बाद होऊन बसला होता. पदाधिकाऱ्यांनी राखीव खेळाडूंकडे पाहिले, मग प्रशिक्षकांकडे पाहिले. भाचेरावांनी बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. प्रशिक्षक काही सेकंद त्याच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी मान हलविली आणि दुसऱ्याच कुणाला उठविले. सामना तीन गुणांनी गेला. हा उतरला असता तर जिंकला असता काय? मला माहीत नाही, आणि ज्यांना माहीत होते असे मैदानाभोवती त्या संध्याकाळी पन्नास जण तरी होते.

सराव शिबिरासाठी मंडळातून एकाच खेळाडूला बोलावणे आले. ते अकरावीतल्या पोराला. भाचेराव घरी आले, जेवले, भांडी घासली (एरवी कधी घासत नाहीत) आणि झोपले. दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेसहाला दारावर थाप पडली. तो काटकुळा पोरगा उभा. "दादा आहे का? दादा म्हणाला होता, बोनसची टाच कशी टाकायची ते दाखवतो." दोघे गच्चीवर गेले. खडूने रेघा ओढल्या गेल्या, बोनस रेषा, निदान रेषा. मी वर डोकावलो तेव्हा भाचेराव त्याला ओरडत होते, "पाय उचलला की बघतो कोण, सांग! पंच बघतो. मागचा पाय हवेत पाहिजे!" आवाज मोठा आणि मोकळा होता. नेहमीप्रमाणे शेजाऱ्यांची खिडकी उघडली.

पाचव्या आठवड्यात डॉक्टरांनी त्याला पूर्ण खेळायची परवानगी दिली. पहिल्याच संध्याकाळी तो कोपर सोलवटून आला. तळहाताएवढी कातडी गेलेली, रक्त मनगटापर्यंत ओघळलेले. आई उठली, हळदीचा डबा काढला आणि मोठ्या समाधानाने म्हणाली, "हां, आता बस इथे."